महामारी करार आणि संसदेची भूमिका

जागतिक आरोग्य सभेने दि. २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे महामारी करार स्वीकारला. किमान ६० राष्ट्रांच्या अनुसमर्थनाशिवाय तो अंमलात येत नाही. असा करार मुळशीतील वैद्याच्या व्यवसायापर्यंत कसा पोहोचतो, हे जाणणे अगत्याचे आहे.

भारतात करार करण्याचा अधिकार केंद्र शासनाचा आहे. त्यास संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन राज्यघटनेत नाही. मात्र नागरिकांवर नवी बंधने घालावयाची तर कायद्याचा आधार लागतो. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असला, तरी कराराच्या अंमलबजावणीसाठी अनुच्छेद २५३ अन्वये संसद त्यावरही कायदा करू शकते.

१९९२ चा जैवविविधता करार हे याचे बोलके उदाहरण होय. त्यानुसार संसदेने २००२ मध्ये जैविक विविधता कायदा केला. डोंगरातील वनौषधी व्यापारासाठी घेणाऱ्या औषधी उत्पादकांनी राज्य मंडळास पूर्वसूचना द्यावी, हे त्यातील कलम ७ ने ठरविले; वैद्य-हकिमांना सूटही त्यानेच दिली. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांचा त्यात समावेश झाला. तत्पूर्वी ते विधेयक संयुक्त समितीपुढे गेले होते.

तात्पर्य, महामारी करारासाठी विधेयक आल्यास व्यावसायिकांनी आपले म्हणणे त्याच टप्प्यावर लेखी मांडावे.