स्पॅनिश शिका, पण इंग्रजीतून नको, मराठीतून!

मसाले, पापड किंवा हस्तकला बाहेर विकायचं स्वप्न आहे ना? मग इंग्रजीच्या जोडीला थोडी स्पॅनिश हवीच. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, पेरू अशा २० देशांची ती अधिकृत भाषा आहे. आणि तिचं निम्मं व्याकरण तुम्हाला आधीच येतं. कसं ते बघा.

१) कर्ता गाळता येतो. आपण "मसाले विकतो" म्हणतो, "मी" लागत नाही. तसंच 'बेन्दो एस्पेसियास'. 'बेन्दो' म्हणजे मी विकतो किंवा विकते, 'बेन्देमोस' म्हणजे आम्ही विकतो.

२) नामाला लिंग असतं. चांगला भाव, चांगली ऑफर. तसंच 'ब्वेन प्रेसियो', 'ब्वेना ओफेर्ता'. फक्त तिथे "ते" नाही, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एवढंच.

३) तू आणि तुम्ही. मित्राला 'तू' (हो, तोच शब्द!), ग्राहकाला 'उस्तेद'. पहिल्या भेटीत उस्तेदच वापरा.

आता अडतं कुठे? आपल्या एका "आहे"साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत. ओळख, मूळ आणि स्वभाव सांगायला 'सोय': 'सोय दे नाशिक', मी नाशिकचा. आत्ताची स्थिती आणि ठिकाण सांगायला 'एस्तोय': 'एस्तोय एन नाशिक', मी नाशिकमध्ये आहे. 'एस्तोय लिस्तो' म्हणजे मी तयार आहे. पण 'सोय लिस्तो' म्हणालात तर अर्थ होतो, मी हुशार आहे! (ताईंनो, तुम्ही 'लिस्ता' म्हणा.)

पहिल्या कॉलसाठी एवढं पाठ करा:

ओला, ब्वेनोस दियास – नमस्कार, सुप्रभात
मे यामो... – माझं नाव...
क्वान्तो क्वेस्ता? – किंमत किती?
मास देस्पासियो, पोर फाबोर – जरा हळू बोला, प्लीज
प्वेदे एस्क्रिबिरलो? – लिहून देता का?
मुचास ग्रासियास – खूप धन्यवाद (स्पेनच्या बहुतेक भागात 'ग्राथियास' ऐकू येईल)

उच्चारात आपण पुढेच आहोत. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच दाताला लागतो, त्यामुळे इंग्रजीसारखं ट, ड करू नका.

शेवटचं, पण पैशाचं. ६० म्हणजे 'सेसेन्ता' आणि ७० म्हणजे 'सेतेन्ता'. फरक एका अक्षराचा! समजा मेक्सिकोच्या ग्राहकाशी किलोचा भाव ठरतोय, माल ५०० किलो. तुम्ही ७० पेसो म्हणालात, त्याने ६० ऐकलं, तर ५,००० पेसोंचा घोळ. म्हणून आकडा कधीच नुसता कानावर सोडू नका. "प्वेदे एस्क्रिबिरलो?" विचारा आणि तुम्हीही भाव मेसेजवर लिहून पाठवा. भाषा कच्ची असली तर ग्राहक समजून घेतो, हिशोब कच्चा असला तर नाही.

आजचा गृहपाठ: आरशासमोर उभं राहून नाव, गाव आणि काय विकता, ही तीन वाक्यं दहा वेळा मोठ्याने म्हणा. लाजू नका. पुढच्या भागात १ ते १०० आकडे. आस्ता लुएगो, पुन्हा भेटू!