चार्जिंग अधूनमधून जाते? डायनामो बदलण्याआधी हे तपासा

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुनी अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्याला चांगला डायनामो आता सहज मिळत नाही. म्हणून आपल्या कारागीर बंधूंनी दोष नक्की सापडल्याशिवाय पार्ट बदलू नये. कठीण दोष तो, जो रस्त्यावर दिसतो आणि गॅरेजात आल्यावर गायब होतो.

प्रथम गिऱ्हाइकाला विचारा, लाल दिवा केव्हा लागतो? चांदसैली किंवा तोरणमाळच्या घाटात, खड्ड्यात लागत असेल, तर तार किंवा टर्मिनल सैल असण्याचा संभव जास्त. इंजिन तापल्यावर लागत असेल, तर डायनामोच्या आतील जोड पाहा. रात्री हेडलाइट लावल्यावर लागत असेल, तर पट्टा घसरत असेल. डायनामोच्या गाडीत मंद गतीला दिवा मिणमिणणे मात्र दोष नव्हे.

मग पट्ट्याचा ताण पाहा, बॅटरीची टर्मिनले घासून घट्ट करा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

आता दोष चालत्या गाडीतच पकडा. डायनामोच्या डी टर्मिनलपासून व बॅटरीपासून लांब तारा घेऊन मीटर आत ठेवा. गाडी दुसऱ्याने चालवावी. चार्जिंग जाताना डी वरचे व्होल्टेजच पडले, तर दोष डायनामो, पट्टा किंवा फील्डच्या तारेकडे. डी वर व्होल्टेज चढलेले पण बॅटरीवर वाढ नाही, तर कटआऊटचे पॉइंट किंवा पुढची तार तपासा.

डायनामोवर संशय आल्यास इंजिन बंद करून डी व एफ च्या तारा काढा. ही दोन टर्मिनले तारेने जोडा, मीटर त्यांच्यात व बॉडीत लावा. इंजिन सुरू करून फेरे हळूहळू हजारापर्यंत वाढवा. व्होल्टेज भराभर चढले तर डायनामो ठीक. ते २० च्या वर जाऊ देऊ नका. शून्य दाखवल्यास कार्बन पाहा, अर्धा ते एक व्होल्ट असल्यास फील्ड कॉइल, चार-पाच असल्यास आर्मेचर. ही चाचणी अल्टरनेटरवर करू नये. तसेच अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार काढू नये, डायोड जळतात.

शेवटी अर्थिंग. हेडलाइट लावून, चार्जिंग चालू असताना, बॅटरीचे अर्थ टर्मिनल व इंजिनची बॉडी यांत मीटर लावा. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसल्यास अर्थची पट्टी साफ करा.

दोष सैल स्क्रूचा निघाला तर बिलावर स्क्रूच लिहा, आणि मजुरी तपासणीच्या वेळेची उघडपणे घ्या. पार्ट बदलावाच लागला, तर जुना गिऱ्हाइकाच्या हाती द्या. गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. गिऱ्हाइकाला यंत्रातले कळत नाही, म्हणून नको तो पार्ट गळ्यात मारणे ही माप मारण्यासारखीच खोट होय. हलाल रोजीत बरकत असते, आणि खरे बोलणाऱ्या गॅरेजकडे गिऱ्हाईक आपोआप परत येते.