चुलीपुढची निळी फरशी

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घसरल्या तो दिवस आठवायलाही नको वाटतो, पण सांगायचं तर तिथूनच सांगितलं पाहिजे. सकाळची वेळ होती. भाकरी उरकून त्या चुलीपुढून उठत होत्या. फोडणीचे चार थेंब कधीतरी खाली उडाले होते, ते फरशीवरच्या निळ्या-पिवळ्या नक्षीत कुणालाच दिसले नव्हते. पाय निसटला, त्यांनी उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ती फरशी मी पसंत केली होती.

नगरजवळच्या हिवरे बाजारमधलं आमचं घर जुनं, दगडमातीचं. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, चुन्यानं सारवलेल्या भिंती, भिंतीत फडताळ आणि दोन कोनाडे. ओट्यावर गोबरगॅसची शेगडी, कोपऱ्यात चूल. गावात कुऱ्हाडबंदी असल्यामुळे चुलीला लाकूडफाटा नाही, तुराट्या आणि गोवऱ्याच. आत्याबाईंच्या मते बाजरीची भाकरी चुलीवरच फुगते, त्यामुळे गॅस असूनही ती चूल कधी विझली नाही.

2021 मध्ये घराची दुरुस्ती काढली. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही गोव्याला गेलो होतो. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत, प्रवेशाशीच, भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठी चित्रं आहेत. कामॉइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग जॉर्ज कोलासो या चित्रकारानं 1935 मध्ये त्यांवर रंगवले आहेत. या फरशांना अझुलेजो म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ घोटलेला लहान दगड. मोरोक्को-स्पेनकडून पोर्तुगालमध्ये आणि पुढे गोव्यात ही कला आली. मी तिथून हलेना. आपल्या स्वयंपाकघरात असंच काहीतरी हवं, हे तिथंच मनात पक्कं झालं.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या नजरेतून सुटली. त्या फरशा भिंतीवर होत्या. त्यांच्यावरून कुणी चालत नव्हतं, त्यांच्यावर कुणी कालवण सांडत नव्हतं. आणि त्या चित्रांभोवतीची जागा मोकळी होती, म्हणून ती इतकी उठून दिसत होती.

नगरच्या एका दुकानात ‘मोरोक्कन’ म्हणून जी नक्षी मिळाली ती मोरबीची होती. त्यात वाईट काही नाही, गुजरातेतल्या मोरबीत चांगला माल होतो. पण ती होती भिंतीची चकचकीत सिरॅमिक फरशी. ‘खाली पण चालते’ असं दुकानात सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. आमच्या मिस्त्रींनी खोकं उघडल्याबरोबर म्हटलं होतं, “वहिनी, ही भिंतीची हाय. जमिनीला घालायच्या आधी घरात इचारा एकदा.” मी विचारलं नाही. शहाबादी उखडून काढली. उखडताना निम्म्या लाद्या फुटल्या.

भिंतीची आणि जमिनीची फरशी यांत फरक केवळ जाडीचा नाही. भिंतीच्या सिरॅमिक फरशीचं अंग सच्छिद्र असतं, वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी ती पिऊ शकते. त्यामुळे ती हलकी असते आणि भिंतीला धरून राहते. जमिनीसाठीची व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, भट्टीत जास्त भाजलेली असते आणि भार सोसते. आमच्याकडे पाटा-वरवंटा जिथं ठेवला तिथं वर्षाच्या आत चार फरशांना तडे गेले. चुलीवरून उतरवलेला तवा आत्याबाई सवयीनं खाली ठेवत. शहाबादीनं तो चटका चाळीस वर्षं सोसला होता. नव्या फरशीच्या झिलईवर केसासारख्या रेघा उमटल्या आणि त्यांत काजळी बसली. ती परत निघाली नाही.

ओट्यामागच्या भिंतीला मी दुसरी फरशी घेतली होती, सिमेंटची, हातानं दाबून केलेली. ही जातच वेगळी. ती भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, मागं कोरडं मिश्रण भरून दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेत ती निघाली आणि भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर पसरली. आपल्याकडे मुंबईत भारत फ्लोरिंग टाइल्स ही कंपनी 1922 पासून ती करते आहे, तमिळनाडूत आत्तंगुडीला ती काचेवर ओतून करतात. दादर-गिरगावातल्या जुन्या घरांत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या पायांना ती ओळखीची असेल. सुंदर फरशी आहे, अजूनही मला आवडते. पण तिच्यावर झिलई नसते. तेल आणि हळद ती पिते, लिंबू-चिंच तिच्यातला चुना खाते. मी सीलर लावून घेतला नाही. पहिल्या दिवाळीत, चकल्यांच्या तळणीनंतर, शेगडीमागे हात-दीड हाताचा पिवळा डाग पडला. तो काढायला मी संडास धुवायचं ॲसिड वापरलं. डाग फिका झाला, नक्षीही गेली.

पाण्याबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण आमच्या गावात तो साधा विषय नाही. इथं वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गावचे तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं 1990 पासून गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, आणि आज दरवर्षी किती पाऊस पडला त्यावर कोणतं पीक घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं. आत्याबाई त्याआधीच्या, टँकरच्या दिवसांत नांदायला आलेल्या. त्या ओल्या फडक्याच्या एका हातात शहाबादी पुसून घेत. नव्या चकचकीत फरशीवर बोटाचा ठसासुद्धा दिसे. विहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडत, म्हणून परत पुसावं लागे. एका बादलीच्या जागी दोन लागू लागल्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसरी बादली मात्र त्यांनी कधी स्वतः भरून घेतली नाही.

2023 मध्ये आम्ही जमिनीची सगळी फरशी काढली. गोठ्यापाशी रचून ठेवलेल्या जुन्या शहाबादी लाद्या धुतल्या, कडा छाटून घेतल्या आणि कमी पडल्या तेवढ्या नव्या आणल्या. नवी शहाबादी पहिल्यांदा डोळ्यांना वेगळी दिसते, वर्षभरात पायांखाली एक होते.

निळी नक्षी आम्ही टाकली नाही. ओट्यामागची सिमेंटची फरशी काढून, ओटा आणि वरची फळी यांच्यामधल्या दोन फुटांच्या पट्टीला तेवढी ती झिलईची फरशी लावली. तिच्या दोन्ही बाजूंना साधा पांढरा चुना. आता काळा कडप्पा, त्यामागे निळी पट्टी आणि फळीवर तांब्या-पितळेची भांडी असं दिसतं, आणि पहिल्यांदाच ते मनात होतं तसं दिसतं. आधी जमिनीवर आणि भिंतीवर नक्षीच नक्षी होती तेव्हा आमची कळशी आणि पितळी डबे तिच्यात हरवून गेले होते.

तुम्ही असं काही करणार असाल तर दुकानातून आधी एकच फरशी घरी आणा. तिच्यावर तेलात कालवलेली हळद आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवा, सकाळी पुसून बघा. साबणाचं पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा. जमिनीसाठी घेणार असाल तर गरम तवाही टेकवा. खोक्यावर भिंतीची की जमिनीची ते लिहिलेलं असतं, दुकानदाराच्या शब्दापेक्षा ते वाचा. सगळ्या खोक्यांचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते मोजतानाच बघा आणि दहामागे एक जास्तीची घ्या, कारण दोन वर्षांनी ती नक्षी परत मिळत नाही. शेगडीमागच्या सांध्यांत पांढरं ग्राउट भरू नका, राखाडी आणि इपॉक्सीचं भरा. सिमेंटची फरशी हवीच असेल तर देवघराला किंवा ओसरीला लावा, सीलर वेळोवेळी परत लावा आणि ॲसिड तिच्या जवळपासही नेऊ नका.

आणि कृपा करून चांगली दगडी फरशी उखडू नका. ती खडबडीत झाली असेल तर जागेवर घासून मिळते. उखडावीच लागली तर एकेक लादी जपून काढून घ्या, फोडू देऊ नका. फरशी पसंत करायला जाल तेव्हा त्या चुलीपुढे जी रोज बसणार आहे तिला बरोबर न्या. आत्याबाईंना मी नेलं असतं तर त्यांनी आधी पायातली चप्पल काढून त्या फरशीवर पाय ठेवला असता.

त्या आता परत चुलीपुढे बसतात. थंडीत मनगट दुखतं, तेव्हा भाकरी मी थापते.