नागकथा आणि बौद्धाचे घर



श्रावण लागला की यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव वारुळांकडे पावले वळतात. कपाशीत निंदण-डवरणी चालू असते, धुऱ्यावर गवत माजलेले असते आणि नेमके याच दिवसांत पाण्याने भरलेल्या बिळांतून साप बाहेर पडतात. नागपंचमीला बायाबापड्या दूध-लाह्या घेऊन वारुळाला जातात. त्या दिवशी शेत नांगरायचे नाही, विळीवर भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, असा दंडक असतो. विदर्भातले हजारो लोक पचमढीच्या डोंगरात नागद्वारच्या यात्रेला जातात.

ज्या घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली, त्या घरापुढे या दिवशी एक पेच उभा राहतो. म्हातारी आजी म्हणते, "देव सोडले त सोडले बापा, पन नागोबाले दुखवू नोका. थो डूख धरते." शेजारीपाजारी पाहत असतात. आणि त्याच वर्षी त्या घरातल्या कोणाला शेतात साप चावला, तर सारे गाव बोट दाखवते : यांनी देव सोडले, म्हणून नाग कोपला! या एका भीतीपायी काही घरांत भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा असते आणि नागपंचमीला गुपचूप वारुळाला दूधही जाते.

ही भीती हसून उडवण्यासारखी नाही. साप चावतो आणि माणूस मरतो, हे खरे आहे. म्हणून ही भीती कोठून आली आणि तिच्यावर धम्माचा उपाय कोणता, हे आज नीट समजून घेऊ.

१. जगभर नागाच्या कथा

नागाची कथा केवळ आपल्याच गावची आहे असे समजू नका. पृथ्वीवरच्या कितीतरी जुन्या समाजांत प्रचंड सर्पाच्या कथा आहेत. बाबिलोनच्या कथेत मार्दुक हा देव समुद्ररूपी तियामतला मारतो आणि तिच्या देहाचे दोन भाग करून आकाश व पृथ्वी घडवतो. ऋग्वेदात इंद्र वृत्र नावाच्या अहीला, म्हणजे सर्पाला, मारतो आणि अडलेले पाणी मोकळे करतो. युरोपात संत जॉर्ज घोड्यावर बसून ड्रॅगनला ठार करतो. ड्रॅगन म्हणजे पंख असलेला, तोंडातून आग ओकणारा सर्प. उत्तर युरोपच्या कथांत तो सोन्याच्या ढिगावर पहारा करीत बसतो. आपल्याकडे गाडलेल्या धनावर नाग बसतो असे म्हातारी माणसे सांगतात. दोन्ही गोष्टी किती सारख्या आहेत पाहा!

चीनमध्ये मात्र हा सर्प वैरी नाही. तेथे त्याला लुंग म्हणतात. तो नद्या, तळी आणि ढग यांचा स्वामी, पाऊस पाडणारा, सम्राटाचे चिन्ह. भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी 'नाग' या शब्दासाठी 'लुंग' हाच शब्द योजला. भूतानच्या ध्वजावर आजही मेघगर्जनेचा ड्रॅगन आहे. त्याला ते 'द्रुक' म्हणतात आणि आपल्या देशालाही द्रुकचा देश म्हणतात.

या कथांचे मूळ शोधणे कठीण नाही. साप पाण्याकाठी दिसतो, पावसात बाहेर येतो, कात टाकून पुन्हा नवा दिसतो आणि एका दंशाने धडधाकट माणसाला लोळवतो. ज्याचे कारण कळत नव्हते, त्याभोवती जुन्या माणसाने कथा रचली. यात त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण आज कारण कळले असताना कथेलाच कारण मानणे, हे मात्र अज्ञान होय.

२. मारणे, पुजणे आणि जिंकणे

माणूस ज्याला भितो त्याला एक तर मारतो, नाही तर त्याच्या पाया पडतो. महाभारतात या दोन्ही गोष्टी दिसतात. खांडववन जाळले जाते, तेथे राहणारे नाग होरपळतात. पुढे जनमेजय राजा सर्पसत्र मांडून नागांची आहुती देऊ लागतो आणि आस्तीक ऋषी ते सत्र थांबवतो. एकीकडे नाग जाळायचे आणि दुसरीकडे वर्षातून एकदा त्याच नागाला दूध पाजायचे! वारुळाला हात जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर दिसलेली बिनविषारी धामण काठीने ठेचतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मारणे आणि पुजणे ही भीतीचीच दोन रूपे होत.

बौद्ध वाङ्मयातील नागकथा तिसरी वाट दाखवतात. संबोधीनंतर तथागत मुचलिंद वृक्षाखाली बसले असता अवेळी वादळ झाले आणि सात दिवस पाऊस पडला. तेव्हा मुचलिंद नागराजाने त्यांच्या देहाला सात वेटोळे घालून मस्तकावर फणा धरला. पाऊस थांबल्यावर तथागतांनी जे उद्गार काढले, त्यांत प्राणिमात्रांची हिंसा न करणे हे सुख आहे असा आशय आहे. कंबोडियापासून थायलंडपर्यंत फण्याखाली बसलेल्या बुद्धाच्या मूर्ती दिसतात, त्या याच प्रसंगाच्या. उरुवेल काश्यपाच्या अग्निशाळेतही विषारी नाग होता. तथागतांनी त्याला मारले नाही. त्याचे तेज आपल्या तेजाने निववून त्याला भिक्षापात्रात ठेवले.

विनयपिटकात आणखी एक कथा आहे. एका नागाने मनुष्यरूप घेऊन प्रव्रज्या घेतली. झोपेत त्याचे खरे रूप उघड झाले. त्याला संघात राहता आले नाही, पण तथागतांनी त्याला उपोसथ पाळण्याचा उपदेश केला. त्यामुळेच आजही उपसंपदेच्या वेळी "तू मनुष्य आहेस ना?" असा प्रश्न विचारतात. थायलंडमध्ये तर दीक्षेच्या उमेदवाराला 'नाग' असेच म्हणतात.

या साऱ्या कथांत नाग विहाराच्या दारापर्यंत येतो, पण पूजास्थानी बसत नाही. अजिंठ्याला जाल तेव्हा हे डोळ्यांनी पाहा. सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी नागराज बसलेला आहे, एकोणीस क्रमांकाच्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी आहे. ते बाहेर आहेत, आणि आत बुद्ध आहेत.

३. नाग म्हणजे कोण?

आता आपल्याशी अधिक जवळची गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर का निवडले याचे कारण सांगितले. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, ते आर्यांचे कट्टर शत्रू होते, त्यांनी फार छळ सोसला आणि त्या छळातून बाहेर काढणारा महापुरुष त्यांना गौतम बुद्धाच्या रूपाने भेटला, असे त्यांचे प्रतिपादन होते. या लोकांची वस्ती नागपूर परिसरात असल्याचे सांगताना त्यांनी नाग नदीचाही उल्लेख केला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथातही त्यांनी नाग लोकांची चर्चा केली आहे.

म्हणजे बाबासाहेबांच्या दृष्टीने नाग हे वारुळात राहणारे साप नव्हते, ती हाडामांसाची माणसे होती. या दृष्टीने खांडववनाची कथा पुन्हा वाचा. रानात राहणाऱ्या माणसांची वस्ती जाळली आणि पुढे कथेत त्या माणसांचे साप केले, असा अर्थ तीतून निघू शकतो की नाही, याचा विचार करा.

नाग नावाची राजघराणी होऊन गेली, याला शिलालेख-नाण्यांचा आधार आहे. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिला रुद्रसेन हा भवनाग राजाच्या मुलीचा मुलगा असल्याचे कोरले आहे. याच वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. भवनागाचे घराणे शिवभक्त होते, तेव्हा सर्वच नाग बौद्ध होते असे म्हणू नये. पण नाग हे माणसांचे कुळ होते, एवढे यावरून पक्के होते. ज्याला नाग लोकांचा अभिमान वाटतो, त्याने त्यांचा इतिहास वाचावा. वारुळाला दूध घातल्याने त्या इतिहासात एक अक्षराची भर पडत नाही.

४. मैत्री आणि औषध

श्रावस्तीत एक भिक्षू सर्पदंशाने मरण पावला. तेव्हा तथागतांनी चारही सर्पकुळांबद्दल मैत्रीभाव ठेवण्याचा उपदेश केला. काही लोक या सुत्ताला विष उतरवण्याचा मंत्र समजतात. तसे समजू नका. त्याच तथागतांनी, दुसऱ्या एका भिक्षूला साप चावला तेव्हा, त्या काळी जे औषध मानले जात होते ते देण्याची अनुज्ञा दिल्याचे विनयपिटकात आहे. ते औषध आता कालबाह्य झाले. त्यामागचा दृष्टिकोन मात्र जुना झाला नाही : मनात मैत्री ठेवावी आणि दंशावर औषध द्यावे.

आजचे औषध म्हणजे सर्पविषावरील इंजेक्शन. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातील प्रतिकारद्रव्यापासून ते तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर हे एकच इंजेक्शन चालते. तरीही २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यांत कितीतरी जण शेतात राबणारे आणि खेड्यात जमिनीवर झोपणारे, म्हणजे आपलेच. त्यांतले बरेच दवाखान्यात पोहोचतच नाहीत, कारण पहिले तास मांत्रिकापुढे जातात.

साप चावला तर एवढे करा :

माणसाला धीर द्या, चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. अंगठी, कडे, जोडवी काढा. दोरीने करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने चोखू नका, साप धरायला धावू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय गाठा. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मण्यार रात्री चावते आणि दुखत नाही, म्हणून "काही झाले नाही" असे म्हणून सकाळची वाट पाहू नका.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. गावात कोणी अडवले तर हे निर्भयपणे सांगा.

५. नागपंचमीला आपल्या घरात

वारुळाला जाऊ नका. साप दूध पिऊन जगत नाही. बेडूक, उंदीर हे त्याचे अन्न. तो डूखही धरत नाही, कारण माणूस ओळखून सूड घेण्याइतकी स्मृती त्याला नाही. पण आजीला तोडून बोलू नका. तिने जन्मभर भीतीत काढले आहे, तिला शेजारी बसवून मुचलिंदाची कथा सांगा. त्या दिवशी घरात त्रिशरण-पंचशील घ्या आणि पहिले शील सापालाही लागू आहे हे मुलांना समजावा. घराभोवतीचा कचरा, लाकडाचा ढीग काढा. रात्री शेतात जाताना बॅटरी आणि पायात बूट असू द्या. घरात साप निघाला तर न मारता सर्पमित्राला बोलवा.

तथागतांनी धम्म शिकण्यालाच सापाची उपमा दिली आहे. साप शेपटीकडून धरला तर उलटून चावतो. धम्मही चुकीच्या बाजूने धरला तर धरणाऱ्याचे नुकसान करतो. नागकथांचेही तसेच आहे. भीतीच्या बाजूने धराल तर त्या तुम्हांला पुन्हा वारुळाकडे नेतील. प्रज्ञा आणि मैत्रीच्या बाजूने धरा, म्हणजे त्याच कथा तुमच्या मुलांना निर्भय करतील.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. मारणे आणि पुजणे ही भीतीचीच रूपे कशी, हे आपल्या गावातील उदाहरणाने सांगा.
२. बाबासाहेबांच्या मते नाग लोक कोण होते?
३. मैत्रीचा उपदेश करणाऱ्या तथागतांनी औषधही का देऊ केले?
४. आपल्या गावापासून सर्पविषावरील इंजेक्शन मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? आजच चौकशी करून त्याचे नाव घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जय भीम!