कव्हर लेटरमध्ये नेमकं काय लिहावं?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम करतोय. पुण्यात अकाउंट्सच्या जागांसाठी अर्ज करताना नेटवरचं कव्हर लेटर नाव बदलून जोडतो. पण मुलाखतीला बोलावणं येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्याकडे चांगला अनुभव आहे, पण तो पत्रात उतरत नाही. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' असं सगळेच लिहितात. वाचणारा ते सोडून पुढे जातो. आधी जाहिरात बारकाईने वाचा. त्यात जीएसटीचं काम असेल, तर पदाचं नाव सांगून लगेच लिहा : 'मासिक विवरणपत्रं भरणाऱ्या ग्राहकांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेच्या आणि ३बी वीस तारखेच्या आत भरण्याचं काम मी पाहतो. खरेदीची बिलं २बीशी ताडतो. एखादं बिल दिसलं नाही, तर पुरवठादाराकडे पाठपुरावा करतो.' या तीन वाक्यांत तुमची जाण आणि शिस्त दोन्ही दिसतात.

पुढच्या परिच्छेदात हीच कंपनी का निवडली आणि पुण्यात कधी रुजू होऊ शकाल, ते सांगा. बायोडेटा पुन्हा उतरवू नका. घरच्या अडचणी लिहू नका. विचारल्याशिवाय पगाराचा विषय काढू नका. पत्र एका पानाच्या आत संपवा. पाठवण्याआधी कंपनीचं नाव तपासा. आणि न केलेलं काम कधीही लिहू नका. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच ते उघडं पडतं.