बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

मालवणचा एक गृहस्थ दाखला काढायला जिल्ह्याच्या कचेरीत निघतो. पावसाचे दिवस आहेत. कट्टा, कसाल करीत तो मोटारसायकलने ओरोसला पोचतो. काम होते. दुपारी बाहेर येऊन तो सेल्फ दाबतो, तर नुसते ‘टक्’ वाजते. गाडी चालू होणा नाय. शेजारचा म्हणतो, “बॅटरी गेली असतली.” मग नवी बॅटरी येते. हजारावर रुपये जातात. आठ दिवसांनी पुन्हा तेच ‘टक्’! आता गृहस्थ दुकानदारावर रागावतो, “माका खोटी बॅटरी दिल्यान.”

बॅटरी खोटी नव्हती. बॅटरी वीज तयार करीत नाही. ती वीज साठवते. आपल्याकडे माडा-पोफळीच्या बागेत पूर्वी रहाट असे. बैल फिरे, रहाट फिरे, पाणी हौदात पडे आणि पाटाने झाडांना जाई. रहाट मोडला तर हौद किती दिवस पुरणार? नवा हौद बांधून काय उपयोग? मोटारसायकलीत इंजीन हा बैल आहे, कॉईल हा रहाट आहे आणि बॅटरी हा हौद आहे.

इंजीन फिरले की त्याच्याबरोबर लोहचुंबक फिरतो. चुंबकाजवळ तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तीच कॉईल. तारेजवळ चुंबक फिरला की तारेत वीज उत्पन्न होते. हे १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी इंग्लंडात दाखवून दिले. फॅरेडे लोहाराचे पुत्र. शाळा थोडीच झाली. लहानपणी ते पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार होते. बांधायला आलेली पुस्तके ते वाचीत, आणि तिथूनच त्यांना विजेचा नाद लागला.

कॉईलमधली वीज भरती-ओहोटीसारखी पुढे-मागे वाहते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने जाणारी वीज लागते. खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते ना? ती पाणी एकाच बाजूला सोडते. तसे काम गाडीत एक लहानसा डबा करतो. त्याला रेग्युलेटर म्हणतात. मेस्त्री लोक त्याला ‘आरआर युनिट’ म्हणतात. त्याचे दुसरे काम म्हणजे वीज फार झाली तर तिला आवर घालणे. नाहीतर हौद फुटेल.

तेव्हा बॅटरी उतरली तर दोष चार ठिकाणी असू शकतो : कॉईलमध्ये, रेग्युलेटरमध्ये, मधल्या वायरींत, किंवा खुद्द बॅटरीत. कोठे आहे हे अंदाजाने सांगू नये. मोजावे.

मोजायला मल्टीमीटर लागतो. काही शे रुपयांत साधा मीटर मिळतो. त्यावर आकडे दिसतात, तेच जे तुम्ही मोबाईलवर रोज वाचता. फक्त टिंब कोठे आहे ते नीट पाहा. १२.६ आणि १.२६ यांत फार अंतर आहे. मीटरवर ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर दोनदा असते. एकाजवळ सरळ रेघ असते. ती बॅटरीच्या विजेची खूण. दुसऱ्याजवळ लाटेसारखी वाकडी रेघ असते. ती कॉईलच्या विजेची.

पहिले माप गाडी बंद असताना घ्यावे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. चकती सरळ रेघेच्या २० वर ठेवा. लाल तार बॅटरीच्या अधिक खुणेला आणि काळी उणे खुणेला लावा. १२.६ किंवा वर आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास आले तर निम्मी. १२ च्या खाली आले तर रिकामी समजावी, आणि आधी चार्जरवर भरून घ्यावी. रिकाम्या बॅटरीवर पुढची मापे फसवतात. (जुन्या काही गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असे. तिला हे आकडे लागू नाहीत.) भरलेली बॅटरी सेल्फ दाबताच १० च्या खूप खाली कोसळत असेल, तर मात्र ती खरोखरच थकली आहे. ती बदलावी.

दुसरे माप गाडी चालू करून घ्यावे. मीटरच्या तारा तशाच बॅटरीवर ठेवा आणि सावकाश रेस द्या. आकडा वर चढून साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास स्थिर राहिला तर रहाट चालू आहे, हौद भरतो आहे. आकडा चढलाच नाही, उलट उतरू लागला, तर बॅटरीत काही येत नाही. आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर आवर घालीत नाही. मग बल्ब वारंवार उडतात, बॅटरी गरम होऊन फुगते. ही गाडी तशीच चालवू नये.

आपल्या गृहस्थाच्या गाडीत आकडा उतरत होता. मग मालवणहून ओरोसपर्यंत ती आली कशी? हौदातल्या पाण्यावर आली. आता हिशेब करा. हेडलाईटचा बल्ब ३५ वॅटचा. ३५ ला १२ ने भागा. जवळजवळ ३ अँपियर वीज एकटा दिवाच ओढतो. लहान बॅटरीवर ४ किंवा ५ ‘एएच’ लिहिलेले असते. म्हणजे ३ अँपियर ओढले तर ती तास-दीड तासात संपते. पूर्वी दिवसा दिवा बंद ठेवता येई. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याला बंद करण्याचे बटण नाही. शिवाय २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत पेट्रोल आत सोडण्यालाही बहुधा वीज लागते. जुनी गाडी चार जणांनी ढकलली की चालू होई. ही नवी गाडी, बॅटरी पुरती मेली असेल तर, बहुतेक वेळा ढकलूनही चालू होत नाही. रात्री, पावसात, हायवेच्या कडेला हे झाले तर काय, याचा विचार करा.

आकडा चढत नसेल तर लगेच कॉईल बदलू नये. मेस्त्रीने तसे म्हटले तरी आधी वायरी पाहायला सांगा. आमच्या मते निम्मे दुखणे इथेच सापडते. आपली हवा खारी. त्यात चार महिने पाऊस. तांब्याला हिरवा चिकटा धरतो आणि वीज अडते. फ्यूज पाहा. बॅटरीचे स्क्रू सैल आहेत काय पाहा. उणे खुणेची वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे आवळली आहे तिथे गंज आहे काय? मग रेग्युलेटरचा कप्लर सोडवा. प्लॅस्टिक वितळले असेल, पिवळी वायर करपून तपकिरी झाली असेल, तर दोष सापडला. साफ करून किंवा नवा कप्लर लावून पुन्हा माप घ्या.

तरीही आकडा चढत नाही? मग कॉईलची परीक्षा. हे काम मेस्त्रीसमोर करावे, कारण इथे झटका बसण्याइतकी वीज असते. उघड्या टोकांना हात लावू नये. बऱ्याच गाड्यांत कॉईलकडून तीन पिवळ्या वायरी येतात. कप्लर सुटाच ठेवून गाडी चालू करा. चकती वाकड्या रेघेच्या २०० वर ठेवा. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा जोड्या मोजा. रेस तेवढीच ठेवा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यावेत आणि रेस वाढवली की तिन्ही वाढावेत. दोन चांगले आणि एक अगदी कमी, असे आले तर कॉईल जळली आहे. नंतर गाडी बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनाचे लोखंड यांच्यामध्ये मीटरची ‘पीं’ वाजते काय पाहा. वाजता कामा नये. मात्र काही लहान गाड्यांत कॉईलचे एक टोक मुद्दामच लोखंडाला जोडलेले असते. तिथे ही खूण चालत नाही. कॉईल चांगली आणि वायरीही चांगल्या असतील तर उरला रेग्युलेटर. तो बदलावा.

कधी कधी सगळी मापे ठीक येतात आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली असते. मग गाडीला नंतर काय काय लावले ते आठवा. जादा दिवे, अलार्म, मोबाईलचा चार्जर. कंपनीने रहाट आपल्या झाडांपुरता दिला आहे. तुम्ही शेजारच्या बागेलाही पाणी देऊ लागलात तर हौद रिता होणारच. ती जोडणी चार दिवस सोडून पाहा.

काही गोष्टी संभाळा. इंजीन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये. त्याने रेग्युलेटर आणि आतली महागडी यंत्रे जळतात. बॅटरी काढताना आधी उणे वायर, लावताना ती शेवटी. बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी ओढू नये. झाकणांच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे नको, आणि पागोळीचे धरून ठेवलेले पाणीही नको. सीलबंद बॅटरी उघडूच नये. आतले पाणी अंगावर उडाले तर भरपूर साध्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर धुवून लगेच डॉक्टरकडे जावे.

मृगाच्या आधी एकदा बॅटरीची टोके घासून पुसून त्यांना व्हॅसलीन लावा. गाडी धुताना सीटखाली आणि कप्लरवर जोराचा फवारा मारू नका. बंदरावर मासळी वाहणाऱ्या गाडीवर खारे पाणी सांडते. ती त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी, आणि बॅटरीचे माप महिन्याच्या महिन्याला तारखेसह वहीत लिहावे. मेस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या.