नंबरप्लेटवरून माणूस ठरवू नका

माझी नोकरी तळोजा एमआयडीसीत, घर नावड्यात आणि मूळ गाव बेळगाव. बेळगावात आम्ही मराठी म्हणून ओळखले जातो. महाराष्ट्रात आलो की बोलण्यातला ‘होय की’, ‘येतो की’ ऐकून लोक विचारतात, “तुम्ही कर्नाटकातले का?” एरवी हा प्रश्न कुतूहलाचा असतो. सीमाभागात दगड उडाले की तोच प्रश्न दरडावून विचारला जातो. माझ्यासारखे दोन्हीकडे परके ठरणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांना अडवणाऱ्यांसाठीही, हा अनुभव सांगतो.

6 डिसेंबर 2022 रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. वडील उपचारासाठी माझ्याकडे आले होते, त्यामुळे घरची गाडी नावड्यात होती. तिचा नंबर केए 22, म्हणजे बेळगावचा. त्या आठवड्यात कंपनीतून परतताना नावडे फाट्याजवळ काही तरुणांनी गाडी अडवली. बाजूच्या सीटवर माझा सहकारी होता. तो धारवाडचा, घरची भाषा कन्नड, मराठी मोडकंतोडकं.

मी काच खाली करून मराठीत बोललो. माझा हेल ऐकून एक जण हसला आणि म्हणाला, “शिकून आलाय.” ज्या गावात मराठी पाट्यांसाठी, मराठी शाळांसाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, 1956 पासून दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळला, त्या गावच्या माणसाला मराठी म्हणून परीक्षा द्यायला सांगत होते. मग एकाने मोबाइल समोर धरला आणि सहकाऱ्याला घोषणा द्यायला सांगितलं.

“मी बेळगावचा मराठी, तुमचाच माणूस” हे वाक्य तोंडावर आलं होतं. ते बोललो असतो तर कदाचित मी सुटलो असतो. पण त्याचा अर्थ असा झाला असता की शेजारी बसलेला तुमचा नाही, त्याचं काय ते तुम्ही बघा. मी एवढंच म्हणालो, “आम्ही दोघं नावड्यात राहतो. तळोज्यात कामाला आहोत. घरी चाललोय.” तेवढ्यात आम्ही रोज जिथे चहा घेतो त्या टपरीचे काका पुढे आले. ते इथलेच, आगरी. त्यांनी आमच्या भाषेचा विषयच काढला नाही. ही रोजची माणसं आहेत, गाडी सोडा, एवढं ठणकावून सांगितलं. गाडी सुटली.

त्या पोरांचा राग पोकळ होता असं मी म्हणणार नाही. सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांच्या शेतीवर शहर उभं राहिलं. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. आपल्या गावात आपणच पाहुणे झालो, ही सल इथे खरी आहे. सीमाप्रश्नाची सलही खरी आहे. 865 गावांवरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण जमीन संपादन करणारा किंवा सीमा आखणारा माणूस त्या गाडीत बसलेला नव्हता.

असं पुन्हा पुन्हा घडतं. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात कर्नाटकच्या एका बसवाहकाला मराठी येत नाही यावरून मारहाण झाली. लगेच चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं. दोघेही पोटासाठी प्रवाशांची ने-आण करणारे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या लोकलमध्ये हिंदी बोलल्यावरून मारहाण झाली आणि त्यानंतर मुलाने जीव दिला, असं एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी सांगितलं. तो मुलगा मराठीच होता. तो मराठी नसता, तरी ती मारहाण तितकीच अमानुष ठरली असती.

आता जे शिकलो ते सांगतो.

गाडी अडवली तर वाद घालू नका, इतिहास सांगू नका. राहण्याचं आणि कामाचं ठिकाण सांगा, आवाज खाली ठेवा आणि वाट मिळताच निघा. जमावासमोर जात, गाव, भाषा सिद्ध करायला बसलात की प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क तुम्हीच मान्य करता. सोबत दुसऱ्या भाषेचा माणूस असेल तर ‘मी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हणा. जिवावर बेतत असेल तर मात्र मानापमान बाजूला ठेवा. जी घोषणा मागतील ती द्या, पण सुखरूप बाहेर पडा.

बाहेर पडल्यावर गप्प बसू नका. 112 वर फोन करा, रेल्वेत असाल तर 139 वर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत भाषा आणि जन्मस्थान या शब्दांचा स्पष्ट उल्लेख आहे. या कारणांवरून तेढ पसरवणं कलम 196 खाली गुन्हा आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून याच कारणांवरून गंभीर दुखापत केली तर कलम 117 नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हद्दीचा प्रश्न आला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने तक्रार नोंदवता येते. घडलेलं त्याच रात्री वेळ आणि जागेसह लिहून ठेवा.

परराज्यातली गाडी कायम इथे राहणार असेल तर बारा महिन्यांच्या आत मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन नवा नंबर घ्या. कायदा तसंच सांगतो. नावडेकरांना त्यासाठी पनवेलचं आरटीओ आहे.

इथे राहायला आलेल्यांनी मराठी जरूर शिकावी, पण शांततेच्या दिवसांत, शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी. भाजीवाल्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, टपरीचे काका यांना नावाने ओळखा आणि त्यांनाही तुमचं नाव माहीत असू द्या. संकटात आधार कार्ड दाखवण्याआधी अशी ओळख धावून येते.

आणि माझ्या मराठी बांधवांनो, बेळगाव, इंदूर, बडोदा, तंजावर इथली मराठी तुमच्यासारखी ऐकू येणार नाही. तुमच्या आगरी बोलीलाही शहरात कुणीतरी हसलं असेल, ते आठवा. कोणाला माफी मागायला लावलेला व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. ‘हे चूक आहे’ एवढं तिथेच लिहा. फाट्यावर कोणाला घेरलेलं दिसलं तर त्याची भाषा विचारायच्या आधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. सीमाभागात आम्हाला मराठीसाठी जे सोसावं लागतं ते अन्याय वाटत असेल, तर तेच दुसऱ्या कोणाला आपल्या हातून सोसावं लागता कामा नये.